अल्पखर्चात मधपेटी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



घरच्या घरी करता येईल अशा जोडधंद्यावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा मला प्रथम माझीच फजिती आठवली. तीच सांगून आरंभ करतो.

आमच्या परसातील जांभळाच्या ढोलीत सातेरी माश्यांची वसाहत होती. ती मी एका खोक्यात आणली. खोके जुने, चौकटींच्या पट्ट्या मोडक्या खाटेच्या. खर्च जवळजवळ शून्य. सुतारकी आपल्या ज्ञातीच्या हाडीमासी भिनलेली, तेव्हा सांधे असे बसविले की केसही शिरू नये. मात्र चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये अंगठाभर जागा सोडली. उचलताना हात सुखाने जावा, एवढाच हेतू. दोन महिन्यांनी चौकट उचलू लागलो, तो माश्यांनी त्या जागेत पोळे बांधून ती भिंतीला जखडून टाकलेली! ओढताच पोळे फाटले, मध तळपाटावर सांडला, पिलावा चिरडला आणि त्यातच राणीही गेली. घरच्या मंडळींनी शांतपणे विचारले, “दार करताना गिऱ्हाइकाला विचारून माप घेता, येथे माशीला विचारले होते काय?”

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ मध्येच शोधून ठेवले होते. माशी आपल्या ये-जा करण्यापुरती ठराविक वाट मोकळी ठेवते. वाट त्याहून रुंद झाली की तेथे ती पोळे बांधते. आपल्या सातेरीसाठी ही वाट सुमारे ७ ते ८ मिलिमीटरची धरावी. चौकटीच्या दोन्ही बाजूंस, वरती आणि खालती हेच अंतर हवे. शेजारशेजारच्या दोन पोळ्यांच्या मध्यांत सुमारे ३० मिलिमीटर अंतर ठेवावे. चौकटीचे माप मनाने ठरवू नये. भारतीय मानकातील ‘अ’ प्रकारच्या पेटीत चौकटीची आतील लांबी २१० व उंची १४५ मिलिमीटर असते. तीच घेतली म्हणजे शेजाऱ्याची चौकट आपल्या पेटीत बसते आणि तयार मेणपत्राही कापावा लागत नाही.

आता काटकसर कोठे करावी? लाकडात अवश्य करावी. खोक्यांच्या फळ्या, घर उतरविताना निघालेले साग किंवा फणसाचे तुकडे, सारे चालते; फक्त ते वाळलेले असावे आणि त्याला रॉकेलचा, औषधाचा अथवा वाळवीनाशकाचा वास नसावा. फळी बोटापेक्षा पातळ घेऊ नये. पातळ लाकूड उन्हात तापते, आणि आमची सातेरी तापटच, गैरसोय झाली की सारा संसार टाकून उडून जाते. रंग द्यायचा तो बाहेरूनच. आतून लाकूड कोरेच राहू द्यावे. झाकणावर जुना पत्रा ठोकला तरी पावसाळा निभतो. मेणपत्रा विकत घेणे परवडत नसेल तर चौकटीच्या वरच्या पट्टीखाली मेणाची बारीक रेघ ओतावी. तिच्या आधाराने माश्या सरळ पोळे धरतात.

जुनी भरलेली पेटी स्वस्तात मिळते म्हणून मात्र घाईने घेऊ नये. १९९० नंतरच्या वर्षांत थाई सॅकब्रूड या पिलाव्याच्या रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. पिलावा पाहून, माहीतगारास दाखवूनच व्यवहार करावा.

काहींनी विचारले, आग्या किंवा फुलोरी माशी पेटीत घालता येईल काय? नाही. त्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. अंधाऱ्या पोकळीत एकामागे एक अशी अनेक पोळी बांधणारी आपल्याकडची माशी सातेरी. म्हणूनच पेटी तिच्या स्वभावाला मानवते.

पेटी घोडीवर ठेवावी व घोडीचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत असावा, नाहीतर मुंग्या पाहुण्यासारख्या येऊन मालकासारख्या राहतात. वाट्यांत पाणी घालण्याचे काम आमच्याकडे धाकट्या नातीकडे आहे आणि ते ती एकही दिवस चुकवीत नाही.

माझी ती पहिली चुकीची पेटी आणि तिच्यानंतरची दुरुस्त पेटी, दोन्ही मंडपाच्या दाराशी मांडल्या आहेत. शेजारी पट्टी ठेवली आहे. दोन्ही पेट्या रिकाम्या आहेत. मुलांनी निर्धास्तपणे हात घालून मापे घ्यावीत.