कांचेसाठीं गोल चौकट

‘चौकट’ या शब्दांतच चार हा आंकडा बसलेला आहे. दारास चार बाजू, खिडकीस चार, तसबिरीसही चारच. म्हणून रंगीत कांचेच्या वर्तुळाकार चित्रास गोल चौकट हवी, असें कोणी सांगितलें कीं शहरांतला सुतार क्षणभर विचारांत पडतो. विदर्भांत ज्याला ‘वाढई’ म्हणतात, त्या खेड्यांतल्या जुन्या सुतारास मात्र या मागणीचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. त्याच्या बापजाद्यांनीं बंडीचीं चाकें घडविलीं आहेत.

नागपूरच्या आग्नेयेस, वैनगंगेच्या कांठापर्यंत पसरलेल्या कुही तालुक्यासारख्या शेतकरी मुलखांत पूर्वी सारा माल बैलबंडीनेंच जात असे. त्या बंडीचें लांकडी चाक अखंड फळींतून कधींच कापलें गेलें नाहीं. मध्यें तुंबा, तुंब्यांत रोंवलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले घेराचे वांकडे तुकडे, म्हणजे पुठे, अशी त्याची रचना. तापवून चढविलेली लोखंडी धाव निवतांना आंवळते व सारे सांधे घट्ट करिते.

घेर तुकड्यांचा कां, याचें उत्तर लांकडाच्या रेषांत आहे. लांकूड रेषांच्या दिशेनें बळकट असतें; रेषांना आडवें मात्र तें सहज तुटतें. एकाच फळींतून कडें कापलें, तर त्याच्या दोन बाजूंस रेषा लांबीनें जातात आणि उरलेल्या दोन बाजूंस आडव्या येतात. तेथेंच तें मोडतें. शिवाय लांकूड ओल लागली कीं रुंदींत फुगतें व सुकलें कीं रुंदींत आकसतें. लांबींत फरक जवळजवळ पडत नाहीं. नागपूरकडचा मे महिना ४५ अंशांवर तापतो आणि लगेच पाठोपाठ पावसाळा येतो. अशा हवेंत अखंड फळीचें कडें लंबगोल होणार, आणि आंतल्या कांचेस तर एक केसही सरकतां येत नाहीं. ती तडकणार.

तेव्हां १८ इंच व्यासाच्या कांचेसाठीं सुकलेल्या सागवानाचे आठ तुकडे घ्यावेत. प्रत्येकाची लांबी साडेनऊ इंच, रुंदी सवातीन इंच. दोन्ही टोकें साडेबावीस अंशांनीं तिरपीं कापलीं कीं आठ तुकड्यांचें वर्तुळ पूर्ण होतें. परंतु येथें एक धोका आहे. टोकें सोळा, प्रत्येकांत पाव अंशाची चूक झाली, तरी शेवटच्या सांध्यांत चार अंशांचा फरक उरतो, आणि २२ इंच व्यासाच्या बाहेरच्या कांठावर तो पाऊण इंचाची फट दाखवितो. याकरितां चार चार तुकड्यांचे दोन अर्धगोल प्रथम वेगळे जोडावेत, त्यांचीं समोरासमोरचीं टोकें रंध्यानें एका रेषेंत आणावींत, आणि मगच दोन्ही अर्धे एकत्र करावेत. सर्व सोळा टोकांची चूक अशा रीतीनें दोन सांध्यांवर दुरुस्त होते. लांकडास सरस लावून, भोंवतीं दोरी गुंडाळून, तिला काठीनें पीळ दिला कीं धावेचें काम ती दोरी करिते.

एवढ्यानें कडें पुरें होत नाहीं, कारण टोकास टोक लावलेला सांधा दुबळाच. म्हणून त्यावर आठ तुकड्यांचा दुसरा थर द्यावा. मात्र खालच्या सांध्यावर वरच्या तुकड्याचा मध्य यावा, जसा विटांच्या भिंतींत येतो. पुढच्या थराचा आंतला व्यास सवासतरा इंच आणि मागच्याचा सवाअठरा इंच ठेवला, कीं कांच टेकण्यास पायरी आपोआप तयार होते, व भोंवतीं अष्टमांश इंच मोकळी जागा उरते. लांकडाच्या हालचालीसाठीं तेवढी पुरते.

शिशाच्या पट्ट्यांनीं जोडलेलें कांचेचें चित्र त्या पायरीवर अलगद ठेवावें. त्यामागें बांबूची पातळ कांब वांकवून बसवावी व बारीक पितळी स्क्रूंनीं आंवळावी. खिळे ठोकूं नयेत; हातोडीचा एक धक्का साऱ्या कामावर पाणी फिरवितो. टांगण्याच्या कड्याही सांध्यावर न लावतां मागच्या तुकड्याच्या मध्यावर लावाव्यात.

वर्तुळ तुकड्यांनीं साधण्याची ही युक्ति लांकडापुरती नाहीं. मुंबई विद्यापीठाचें दीक्षान्त सभागृह सर गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून १८७४ मध्यें पुरें झालें. त्यांतल्या सुमारें २० फूट व्यासाच्या गोल खिडकींत बारा राशींचीं चित्रें रंगीत कांचेंत बसविलेलीं आहेत. तेथें चाक दगडाचें, पण मध्य, आरे आणि घेर हीच त्याची मांडणी.

रबरी चाकें आलीं आणि लांकडी चाकाची मागणी सरली. त्याबरोबर कोन साधण्याची, रेषा ओळखण्याची व सांधा चुकविण्याची विद्याही विसरली जाण्याचें भय आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांना गोल खिडकी किंवा गोल चित्र बसवावयाचें असेल, त्यांनीं तें काम यंत्रानें कापलेल्या फळीकडे सोंपविण्यापूर्वीं जवळच्या खेड्यांत चाकें घडविलेला म्हातारा हात आहे काय, याची चौकशी करावी. कांच त्यानें पूर्वीं कदाचित् हाताळली नसेल. पण ज्या घेरानें शेतमालाचें ओझें पेललें, तो कांचेचेंही पेलील.