काट्यांच्या कुंडीतला धडा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मी बी. ए., बी. एड.; विज्ञानाचा शिक्षक नव्हे. तरीही आज निवडुंगाविषयी चार शब्द बोलणार आहे.

बांधावरचा फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. तोडल्यावर पांढरा चीक देणारा तीनधारी निवडुंग मात्र खरा कॅक्टस नव्हे. तो एरंडाच्या कुळातला. कॅक्टसच्या अनेक जातींना बी धरण्यासाठी दुसऱ्या रोपाचे पराग लागतात. काहींना स्वतःचेच पुरतात. मॅमिलॅरिया प्रोलिफेरा ही त्यांपैकी एक; एकट्या कुंडीतही तिला लाल फळे धरतात.

आपल्या रोपाची परीक्षा घ्यायची असेल, तर कळीवर मलमलीची पिशवी बांधा. फूल उमलले की मऊ कुंचल्याने त्याचेच पराग त्याच्याच कुक्षीवर लावा आणि पिशवी पुन्हा बांधा. फळात बी भरले, तर स्वपरागण झाले. ज्वारीचे वाण शुद्ध राखण्यासाठी कणसावर कागदी पिशवी घालतात, तोच हा प्रकार.

पिकलेल्या फळातले बी धुऊन सावलीत वाळवा. चाळलेली वाळू, विटेचा चुरा आणि थोडे पानांचे खत उकळत्या पाण्याने भिजवून निवू द्या. बी वरच पसरा. मातीने झाकू नका. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून ओल खालून द्या, वर काच ठेवा, कडक ऊन टाळा. आपल्याकडे मे महिन्यात पेरू नये. एक ते तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात.

दोन वर्षांपूर्वी मी अशा दोन कुंड्या पेरल्या. एक स्वतः सांभाळली, दुसरी आठवीतल्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाला दिली. मी रोज वरून पाणी घातले. माझी सारी रोपे कुजली. त्याची जगली. कसे, असे विचारता तो म्हणाला, "सर, मी रोज बघत होतो. माती ओली दिसली की पाणी देत नव्हतो." पुस्तक वाचून मी चुकलो होतो, तो पाहून शिकला होता.

त्याच वेळी त्याची शाळा सोडवून त्याला गॅरेजवर घालण्याचे घरी ठरले होते. कुंडी घेऊन मी त्याच्या वडिलांकडे गेलो. सहा महिन्यांची रोपे पाहून ते हसले, "मास्तरसाहेब, एवढ्या दिवसांत वाटाण्याएवढीच?" मी म्हटले, "याची चाल एवढीच. पण मुळे धरली आहेत." ते बराच वेळ गप्प राहिले. मग एक वर्षाची मुदत दिली, पुढे आणखी एक. मुलगा आज दहावीत आहे.

पालकहो, एकाच फळातली, एकाच झाडाची ती रोपे. तरी सारखी एकही नाही. कोणी लवकर वाढले, कोणी उशिरा. घरातल्या मुलामुलींचेही असेच असते. सहा महिन्यांत वाटाण्याएवढे दिसले, म्हणून कोणाला उपटू नका.

जयहिंद!