नाताळचं आमंत्रण
कळसमधून बोलतोय. 2018 साली नायजेरियातल्या दापचीत बोको हरामच्या गटानं शाळेतल्या 110 मुली पळवल्या. महिन्याभरात बहुतेक सुटल्या. धर्म सोडायला नकार देणाऱ्या एका ख्रिस्ती मुलीला मात्र त्यांनी ठेवून घेतलं.

लांबची गोष्ट वाटते ना? आपल्याकडे 1895 साली कवी ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बंदूक नव्हती, तरी घर तुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या.

आणि मी? ख्रिस्ती मित्रानं नाताळला जेवायला बोलावलं, गेलो नाही. गाव काय म्हणेल, एवढीच भीती. तो छळ नव्हे, मान्य. पण मित्राला काय वाटलं असेल? यंदा न बोलावता जाणार आहे.