भुयारी वाट आणि तिचे उच्छ्वास

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी भुयारी नळाने पुण्यातल्या हौदांत आणले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. पाणी अडले की त्यात डोकावायचे आणि अडथळा कोणत्या टप्प्यात आहे ते हेरायचे. संगणकाच्या भुयारी वाटेला व्हीपीएन म्हणतात. ती अडली तरी युक्ती हीच.

आमच्या महाविद्यालयाचा लिनक्स सर्व्हर मुख्य संस्थेच्या जाळ्याशी जोडायचा होता. साधन वायरगार्ड, २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. दोन्ही टोकांनी किल्ल्यांची जोडी करायची, सार्वजनिक किल्ली एकमेकांना द्यायची, खाजगी कोणालाच नाही. इथवर सोपे.

मी हे काम रात्री घरी बसून, एसएसएचने केले. 'अलाउड आयपीज' या ओळीत चार शून्ये, तिरकी रेघ आणि आणखी एक शून्य लिहिले. म्हणजे सगळीच वाहतूक भुयारातून! एंटर दाबले आणि पडदा थिजला. सर्व्हर उत्तरे देत होता, पण ती भुयारात शिरत होती, माझ्याकडे येईनात. बसल्या फांदीवरच घाव घातला म्हणा ना. दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या अर्जांची अखेरची तारीख. पहाटेच्या एस.टी.ने आलेली मुले दारात उभी, आणि खोलीची किल्ली शिपायाच्या घरी.

आता त्या ओळीत मी फक्त संस्थेच्या जाळ्याचा पत्ता लिहितो. शिवाय दहा मिनिटांनी वाट आपोआप बंद करणारा हुकूम 'अ‍ॅट'कडे आधीच देऊन ठेवतो. सारे ठीक चालले तर तो रद्द करायचा.

वाट चालत नसेल तर पहिला उच्छ्वास 'डब्ल्यूजी शो'. दोन टोकांची शेवटची भेट केव्हा झाली ते तिथे दिसते. भेटच नसेल तर किल्ली चुकलेली असेल किंवा फायरवॉलने यूडीपीचे दार लावलेले असेल. खेड्यातल्या शाळेत तिसरीही शक्यता असते. वीज गेली, आतली छोटी बॅटरी संपलेली, आणि घड्याळ मागे गेले. मागच्या वेळेचा निरोप पलीकडचे टोक जुना समजून टाकून देते. म्हणून आधी 'डेट' लिहून तारीख पाहा. भेट होते, पण मोठी पाने अर्ध्यात अडकतात? एमटीयू १४२० वरून १२८० करून बघा. थोडा वेळ शांत राहिले की वाट मिटते? 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवा.

आमची फाइल मी छापून, खाजगी किल्लीची ओळ कोरी ठेवून, कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. आणि खोलीची दुसरी किल्ली आता माझ्या खिशात असते.