पैशाचा माग काढणारी वकिली

कायद्याचं शिक्षण घेणारी मुलं आणि त्यांचे आईवडील मला हमखास विचारतात, रोज कोर्टात उभं न राहता वकिली करता येते का? येते. मी बँकांचं नियमन आणि मनी लाँड्रिंगविरोधी कायदा या क्षेत्रात काम करते, आणि माझा बराचसा दिवस बँक स्टेटमेंट वाचण्यात जातो.

समजा, २२ वर्षांच्या मुलाचं पगाराचं खातं आहे. दरमहा १६ हजार जमा होतात. एका मंगळवारी सकाळी त्यात ४ लाख येतात, दुपारपर्यंत सात वेगवेगळ्या खात्यांत निघून जातात, आणि शिल्लक उरते २१२ रुपये. बँकेच्या यंत्रणेत अलर्ट येतो. पण अलर्ट आला म्हणजे गुन्हा झाला असं नव्हे. वडिलांची जमीन विकली गेली आणि त्यातून देणी फेडली का? की ‘तुझं खातं वापरायला दे, कमिशन देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती त्याने एटीएम कार्ड दिलं? ‘व्यवहार संशयास्पद वाटला’ एवढंच अहवालात लिहून भागत नाही, का वाटला ते मांडावं लागतं. मग बँकेचा प्रिन्सिपल ऑफिसर तो अहवाल दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे पाठवतो. ग्राहकाला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही, हेही बंधन आहे.

हा मनी लाँड्रिंगविरोधी कायदा २००२चा, अमलात आला १ जुलै २००५ला. आपण त्याला पीएमएलए म्हणतो. त्याची ताकद मोठी आहे. सक्तवसुली संचालनालय, म्हणजे ईडी, १८० दिवसांपर्यंत मालमत्तेवर तात्पुरती टाच आणू शकते. जामिनाच्या अटी कडक आहेत, आणि जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. खटल्यात ईडीने मूळ तथ्यं सिद्ध केली की पैसा गुन्ह्यातला नाही हे आरोपीला दाखवावं लागतं. म्हणूनच मला मनापासून वाटतं की या कामात दोन्ही बाजूंना कसून अभ्यास करणारे वकील हवेत. नवऱ्यावर आरोप आहे आणि टाच आली आहे बायकोच्या नावावरच्या फ्लॅटवर, अशा वेळी या कायद्याखालच्या निर्णय प्राधिकरणाची नोटीस तिला विचारते, हे घर कोणत्या उत्पन्नातून घेतलंत? तिथे भावनेचं भाषण उपयोगी पडत नाही. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, गृहकर्जाचे हप्ते तारखेनिशी जुळवून द्यावे लागतात. ती निर्दोष असेल, तर तिचं घर या जुळवणीवर वाचतं.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, टीव्हीवर गाजणाऱ्या केसेस पाहून या क्षेत्रात येऊ नका. आधी हिशेब शिका. ताळेबंद वाचता आला पाहिजे, कंपनीचा खरा मालक कोण हे भागधारकांच्या यादीतून हुडकता आलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेचे केवायसीचे नियम सारखे बदलतात, ते मुळातून वाचा, कुणी काढलेल्या नोट्सवर विसंबू नका. रिझर्व्ह बँक, सेबी आणि सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणारं न्यायाधिकरण, तिन्ही मुंबईत आहेत. महाराष्ट्रातल्या मुलांनी याचा फायदा घ्यावा. पहिली दोन-तीन वर्षं बँकेच्या कम्प्लायन्स विभागात काढली, तर पुढे कोर्टात उभं राहतानाही ती कामी येतात.

सुरुवात घरापासून करता येईल. घरच्यांना विचारून एका खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट घ्या. प्रत्येक मोठ्या नोंदीपुढे पैसा कुठून आला आणि कशासाठी गेला ते लिहा, त्याचा कागद शोधा. जिथे कागद सापडणार नाही, तिथे तपास अधिकाऱ्याने काय विचारलं असतं, तेही लिहून काढा.