याजक तोच, यज्ञही तोच

येशू ख्रिस्त हा प्रमुख याजक आणि त्याचे मरण हा शेवटचा यज्ञ, ही ख्रिस्ती श्रद्धेतील मांडणी नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या ग्रंथात सविस्तर आली आहे. पत्र तेरा अध्यायांचे आहे आणि त्याचा घाट पत्रापेक्षा प्रवचनाचा अधिक. परंपरेने ते पौलाच्या नावावर चालत आले, पण भाषेची धाटणी त्याची नाही हे जुन्या पंडितांनाही जाणवत होते. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने तर ते कोणी लिहिले हे देवच जाणे, असे म्हणून हात टेकले.

ही मांडणी एवढ्या विस्ताराने करावी लागली, कारण ती उघड नव्हती. शुभवर्तमानांतला येशू याजक नाही. तो यहूदाच्या वंशातला, नासरेथच्या सुताराच्या घरचा. यरुशलेमच्या मंदिरात वेदीपाशी उभे राहण्याचा हक्क लेवीच्या वंशाचा, आणि त्यातही अहरोनाच्या घराण्याचा. येशूचे मरणही यज्ञासारखे दिसत नव्हते. पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या हुकमाने वेशीबाहेर दिलेली ती देहान्ताची शिक्षा होती. तिथे वेदी नव्हती, अग्नी नव्हता, पुरोहित नव्हता. अशा वधस्तंभात यज्ञ पाहायचा, तर आधी यज्ञ कशासाठी असतो हेच मुळापासून तपासावे लागते. पत्राचा लेखक ते करतो.

त्यासाठी त्याने यहुदी वर्षातला एक दिवस आधाराला घेतला आहे : प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. त्याचा विधी लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. प्रमुख याजक त्या दिवशी सोनेरी जरीची वस्त्रे उतरवतो, स्नान करतो आणि साधी तागाची वस्त्रे घालतो. पहिला गोऱ्हा त्याच्या स्वतःच्या आणि घराण्याच्या पापासाठी. मग दोन बकरे आणतात आणि चिठ्ठ्या टाकतात : एक परमेश्वरासाठी, दुसरा अजाजेलासाठी. निखाऱ्यांचे धुपाटणे आणि ओंजळभर बारीक कुटलेला धूप घेऊन याजक पडद्याआड परमपवित्रस्थानात जातो. धूर इतका व्हायला हवा की कराराच्या कोशावरचे दयासन झाकले जाईल, नाहीतर आत गेलेला जिवंत परत यायचा नाही. तिथे बोटाने सात वेळा रक्त शिंपडायचे. बाहेर आल्यावर दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापे कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचे. त्या खोलीत वर्षातून एका दिवशी, एकाच माणसाने जायचे. दुसऱ्या मंदिराच्या काळात तर आत काही उरलेही नव्हते. कराराचा कोश कधीच नाहीसा झाला होता, आणि याजक रिकाम्या जागेवर रक्त शिंपडत होता.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले आणि हा विधी कायमचा थांबला. मग पापाच्या क्षालनाचे काय, या प्रश्नाचे यहुदी उत्तर कोकणाने शतकानुशतके पाहिले आहे. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात पुरुष आणि सात स्त्रियांपासून आपला वंश सुरू झाला, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुटी, म्हणून गावोगाव ते ‘शनवार तेली’. त्यांचे मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ चे. त्याआधी त्यांच्याकडे ना प्रार्थनामंदिर होते, ना याजक, ना वेदी. तरी योम किप्पूर त्यांनी सोडला नाही. ‘दारफाळणीचा सण’ या नावाने ते तो पाळत : पांढरी वस्त्रे, कडक उपास, दारे लावून घरात बसणे, दुसऱ्या कोणाशी संपर्क नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, दानधर्माचा आणि एकमेकांकडे जाण्याचा. यज्ञ गेला, पण उपास, प्रार्थना आणि दान यांवर तो दिवस तगला. इब्री लोकांस पत्र त्याच विधीकडे पाहते आणि अगदी वेगळ्या ठिकाणी पोचते.

पत्राचा पहिला मुद्दा याजकाच्या नात्याचा आहे. याजक माणसांतूनच घ्यावा लागतो. मालवणी मुलखात गाऱ्हाणे घालणारा जसा गावाचाच असतो, त्याच्या तोंडून गावाची दुखणीखुपणी देवापर्यंत जातात आणि मागून गाव ‘होय महाराजा’ म्हणते, तसाच काहीसा हा अधिकार आहे. परका माणूस ते करू शकत नाही. म्हणून येशूची परीक्षा माणसासारखी झाली, मरणाच्या सावलीत त्याने आक्रोश करून, अश्रू गाळून प्रार्थना केली, यावर पत्र भर देते. फरक एकच सांगितलेला आहे : त्याला स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा लागत नाही.

दुसरा मुद्दा हक्काचा, आणि इथे लेखकाचे वकिली कौशल्य दिसते. येशू लेवीच्या वंशातला नाही ही अडचण तो झाकत नाही. तो उत्पत्तीच्या पुस्तकातला एक जुना दाखला काढतो. अब्राहाम लढाईहून परतताना शालेमचा राजा मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन सामोरा आला. तो परात्पर देवाचा याजक होता. त्याने आशीर्वाद दिला आणि अब्राहामाने त्याला लुटीचा दशांश दिला. शास्त्रात त्याचे आईबाप, जन्म, मरण काही दिलेले नाही. एकशेदहाव्या स्तोत्रात याच परंपरेतल्या, कधीही न संपणाऱ्या याजकपदाचा उल्लेख आहे. लेखक म्हणतो, लेवी तेव्हा अब्राहामाच्या पोटीच होता, म्हणजे लेवीनेही मलकीसदेकाला दशांश दिला. वतनाच्या कज्ज्यांत मुरलेल्या कोकणी वाचकाला हा युक्तिवाद परका वाटू नये : घराण्याचा हक्क नाकारायचा नाही, त्याहून जुनी सनद पुढे करायची.

तिसरा मुद्दा मरणाचा. जुने याजक पुष्कळ झाले, कारण मरण त्यांना टिकू देत नव्हते; येशूचे याजकपद मात्र कधीच संपत नाही. पुरोहितपद आणि परंपरा यांचे हे नाते कुठल्याही धर्मात दिसते. खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा आहे. मत्तमयूर पंथाच्या शैव आचार्याला देवाच्या पूजेसाठी आणि तपस्व्यांच्या निर्वाहासाठी दिलेल्या दानाची ती नोंद. आज पूजा करणारा उद्या नसेल, त्याच्या जागी शिष्य येईल, आणि पूजा रोज नव्याने करावी लागेल, हे गृहीत धरल्याशिवाय अशा सनदेला अर्थ नाही. हा ताम्रपट जवळच्याच पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी प्रथम वाचून प्रसिद्ध केला. याच जांभेकरांनी १८४३ मध्ये, मिशनऱ्यांकडे राहिल्यामुळे वाळीत पडलेल्या श्रीपती शेषाद्री या मुलाला प्रायश्चित्त देऊन परत स्वधर्मात घ्यावे म्हणून सनातन्यांचा रोष पत्करला होता. धर्मशास्त्रातले प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते, आणि चूक पुन्हा झाली तर पुन्हा. इब्री पत्रातले प्रायश्चित्त दुसऱ्याने, सर्वांच्या वतीने आणि एकदाच घेतलेले आहे. वाद होता एका मुलाच्या जातीचा, पण त्याच्या तळाशी हे दोन निरनिराळे विचार होते.

पत्राचा खरा जोर ‘एकदाच’ यावर आहे. दरसाल तेच बळी द्यावे लागतात, यावरूनच ते पुरे पडत नाहीत हे ठरते. पाप खरोखर धुतले गेले असते तर बळी देणे थांबले नसते का? एक बारकावा लेखकाने अचूक हेरला आहे. मंदिराआधीच्या निवासमंडपाच्या सामानाच्या यादीत दीपवृक्ष आहे, मेज आहे, धूपवेदी आहे, पण याजकाला बसायला आसन नाही. याजक रोज उभा राहून सेवा करतो, कारण काम संपतच नाही. येशू मात्र एक यज्ञ करून देवाच्या उजवीकडे बसला. आणि हा यज्ञ देवाची मर्जी राखण्यासाठी वाहिलेली वस्तू नव्हे. चाळिसाव्या स्तोत्राचा आधार घेऊन लेखक सांगतो की देवाला पशू नको होते, त्याची इच्छा पाळणारा देह हवा होता. होशेय आणि आमोस या संदेष्ट्यांनी पशुयज्ञांवर पूर्वीच कडक टीका केली होती. हा धागा ध्यानात घेतला नाही, तर रागावलेल्या देवाला रक्त देऊन शांत केले एवढाच भडक अर्थ उरतो. काही प्रचारकांनी तो तसा सांगितलाही, पण पत्राशी तो प्रामाणिक नाही.

वैदिक यज्ञाशी तुलना भारतात फार लवकर झाली. श्रौत यज्ञात यजमान वेगळा, होता-अध्वर्यू वेगळे, पशू वेगळा. पुरुषसूक्तात मात्र देवांनी पुरुषालाच यज्ञपशू केले. बंगालचे कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ मध्ये ‘द आर्यन विटनेस’ या ग्रंथात आत्मयज्ञ करणारा प्रजापती हे ख्रिस्ताचे पूर्वचिन्ह ठरवले. साम्य मोहक आहे, पण ताणले की तुटते. पुरुषाच्या यज्ञातून सृष्टी निर्माण होते आणि तो काळाच्या आरंभी घडतो. ख्रिस्ताचा यज्ञ बिघडलेले नाते जोडण्यासाठी आहे आणि त्याला एका रोमन सुभेदाराच्या कारकिर्दीची तारीख आहे.

मराठीत ही कथा १६१६ मध्ये आली. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे, साष्टीतल्या राचोलला छापलेले ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. त्याच्या पहिल्या पुराणात जुना करार आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पुढे ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले.

यज्ञ एकदाच झाला, तर चर्चमधल्या वेदीवर दर रविवारी काय होते? पश्चिमेकडची चर्च सोळाव्या शतकात ज्या प्रश्नांवर फुटली, त्यांत हाही होता. ल्यूथर आणि कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकांच्या मते वेदीवरच्या या विधीला, मिस्साला, बलिदान म्हणणे म्हणजे ‘एकदाच’ नाकारणे. कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मपरिषदेने १५६२ मध्ये उत्तर दिले : मिस्सात नवा बळी नाही. वधस्तंभावरचाच यज्ञ रक्ताविना समोर आणला जातो, अर्पण करणारा तोच, अर्पणही तेच. कॅथलिक धर्मगुरू स्वतःच्या हक्काने याजक नसतो, ख्रिस्ताच्या एकमेव याजकपदात त्याला वाटा असतो. गुड फ्रायडेला कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होतच नाही. वेदीवरची वस्त्रे काढलेली असतात आणि लोकांना आदल्या दिवशी पवित्र केलेली भाकर देतात.

सिंधुदुर्गात दोन्ही परंपरा शेजारी नांदतात. कॅथलिकांची सिंधुदुर्ग धर्मप्रांत ही स्वतंत्र रचना २००५ मध्ये झाली आणि तिचे मुख्य चर्च सावंतवाडीत आहे. तिथे मिस्साबलिदान होते. वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनने दवाखाना चालवला आणि मंडळी उभी केली. त्या परंपरेत वेदीऐवजी मेज, मिस्साऐवजी प्रभुभोजन, धर्मगुरूऐवजी पाळक. सर्व विश्वासणारेच याजक आहेत, वेगळा याजकवर्ग नाही, असे ती मानते.

प्रोटेस्टंटांतही सगळे एकमताचे नाहीत. अँग्लिकन मंडळी बिशपांच्या अखंड परंपरेला जपते. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या काँग्रिगेशनल मंडळ्या बिशप मानत नव्हत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा या दोन्ही बाजू एका छताखाली आल्या. त्याआधीच्या लांबलेल्या वाटाघाटींतला एक अवघड प्रश्न पाळकांचा होता : बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेल्याचे पद पुरे मानायचे का? शेवटी असे ठरले की सर्व परंपरांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी. कोणाचे पद आधीच पूर्ण होते आणि कोणाला त्या दिवशी काय मिळाले, याचा निवाडा त्या विधीत मुद्दामच केला गेला नाही.