बदलाची नोटीस



या व्यासपीठाला विद्वानांची परंपरा आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि बाकीचे कामगार युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळता चाळता झाले. म्हणून विषय आमच्या रोजच्या व्यवहारातलाच घेतला आहे. महाविद्यालयाच्या आवारातील संगणकांची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची, ती केव्हा?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा मुकादम. कोणते काम आधी करायचे, छपाईयंत्राला निरोप कसा द्यायचा, कागद कोणत्या कप्प्यात ठेवायचा, हे सारे तो पाहतो. मुकादम बदलला की कामाच्या रीती बदलतात, हे गिरणगावातल्या माणसाला सांगावे लागत नाही. महाविद्यालयातील कारकून, ग्रंथालयातील सेवक, प्रयोगशाळेतील मदतनीस ही आमचीच माणसे. तेव्हा हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे.

कोणी म्हणेल, चालते आहे ते चालू द्या. हा सल्ला सोयीचा आहे, पण धोक्याचा आहे. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका भगदाडावर ठिगळ दिले. पुढे १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भगदाडातून जगभर शिरला. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ न्यासांपैकी किमान ८१ न्यासांना त्याची झळ पोचली, रोग्यांना परत पाठवावे लागले. बाधित झालेली बहुतेक यंत्रे विंडोज ७ ची होती. ठिगळ दोन महिने हाताशी होते, ते लावले नव्हते. मग ज्या प्रणालीला ठिगळ मिळणेच बंद झाले, तिची काय कथा?

दुसरा कोणी म्हणेल, तर मग नवे आले रे आले की घ्यावे. त्याचेही उदाहरण आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची नवी आवृत्ती निघाली. ती घाईने घेणाऱ्यांपैकी काहींच्या फायली नाहीशा झाल्या. कंपनीने चार दिवसांत वाटप थांबवले आणि दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला दिली. जे सहा आठवडे थांबले, त्यांच्या फायली त्या दोषातून वाचल्या.

तात्पर्य, उशीर वाईट आणि घाईही वाईट. मग तारीख कोणी ठरवावी? आजवर ती बहुधा दोघांनी ठरवली आहे, परदेशातल्या कंपनीने आणि आपल्याकडच्या खरेदी विभागाने. विंडोज १० चे नेहमीचे ठिगळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. आपल्याकडे तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. कंपनीच्या पंचांगात आपली दिवाळी नसते आणि आपल्या परीक्षाही नसतात. विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. म्हणजे धडधाकट चालणारी कित्येक यंत्रे एका कलमाने म्हातारी ठरली. धडधाकट माणसाला सक्तीने निवृत्त केलेले आम्ही पुष्कळ पाहिले आहे. यंत्राच्या बाबतीतही तोच न्याय!

एका महाविद्यालयातील प्रकार सांगतो. नावाची गरज नाही. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात, रविवारी, कोणाला न विचारता कचेरीतील सर्व संगणक बदलले. सोमवारी छपाईयंत्र ओळख देईना. युनिकोडपूर्वीच्या मराठी टंकात केलेला वर्षांचा पत्रव्यवहार उघडला, तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. खिडकीबाहेर विद्यार्थी रांगेत ताटकळले. आणि विलंबाचा मेमो कोणाला मिळाला? ज्याने निर्णय घेतला त्याला नव्हे, जी बाई खिडकीवर बसली होती तिला.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यात ९-अ हे कलम होते. ठराविक सेवाशर्तींत बदल करायचा तर मालकाने कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी, असे ते सांगे. संगणकाचा मुकादम बदलणे त्या कलमात बसत नव्हते, असे वकील म्हणतील. बसू नये! पण त्यामागची बुद्धी तरी आपण घेऊ या. ज्याच्या हातातले काम बदलणार, त्याला ते आधी कळले पाहिजे आणि बोलायला अवसर मिळाला पाहिजे.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. ठिगळ बंद होण्याची तारीख ही बाहेरची हद्द समजावी. ती कित्येक वर्षे आधी जाहीर झालेली असते, त्यामुळे अचानक आली ही सबब चालणार नाही. त्या हद्दीच्या आत तारीख कामाच्या हंगामावरून ठरवावी. प्रयोगशाळा सुट्टीत, कचेरी प्रवेश आटोपल्यावर, परीक्षा विभाग निकाल लागल्यावर. प्रत्येक विभागातील एक यंत्र आधी बदलून त्यावर खरे काम करून पाहावे, आणि ते पाहणारा माणूस रोज काम करणारा असावा. जुन्या फायलींची प्रत निराळी ठेवावी. २१ दिवस आधी नोटीस फलकावर लावावी, आणि शिकण्याचे तास कामाच्या वेळेत धरावेत.

जी यंत्रे नव्यात बसत नाहीत, त्यांना भंगारात घालण्यापूर्वी दोन वाटा तपासाव्यात. विंडोज १० चे सुरक्षेचे ठिगळ शिक्षणसंस्थांना आणखी तीन वर्षे, यंत्रामागे पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर दराने मिळण्याची सोय कंपनीने ठेवली. दुसरी वाट लिनक्सची. केरळच्या सरकारी शाळा त्या वाटेने केव्हाच गेल्या आहेत.

बदलाला आमचा विरोध नाही. जुने यंत्र कवटाळून बसल्याने कोणाची नोकरी वाचली नाही. पण बदलाचा खर्च मांडताना यंत्राची किंमत लिहिली जाते आणि खिडकीवरच्या बाईचा सोमवार लिहायचा राहतो. तो लिहिला, तर तारीख आपोआप बरोबर निघेल.